डिक्टेटर, टायरंट, डेस्पॉट, ऑटोक्रॅट : सगळ्यांना ‘हुकूमशहा’ पुरेल का?

इंग्रजी बातमी मराठीत आणताना या चारही शब्दांसाठी आपण सरसकट ‘हुकूमशहा’ लिहून मोकळे होतो. कुणी फार चिकित्सा केलीच तर कमी क्रूर, जास्त क्रूर अशी त्यांची उतरंड लावतो. मला ती उतरंड मुळातच पटत नाही. सत्ता कशी मिळवली, रयतेला कसं वागवलं, वर कुणाचा अंकुश आहे का, सत्तेचा हात कुठवर पोचतो, असे हे निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येक शब्द त्यांतल्या एकाचं उत्तर देतो.

रोमच्या प्रजासत्ताकात डिक्टेटर हे रीतसर पद होतं. संकट आलं की कॉन्सलने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च निवडून आलेल्या अधिकाऱ्याने, एकाची नेमणूक करायची, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सिनसिनाटसला इ.स.पू. 458 मध्ये शेतावरून बोलावलं आणि काम होताच सोळाव्या दिवशी तो पद सोडून शेतावर परतला, असं रोमन परंपरा सांगते. रोमन सेनापती सुल्लाने इ.स.पू. 82 मध्ये हे पद घेतलं ते मुदतीशिवाय. इ.स.पू. 44 मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि त्याच्या खुनानंतर अँटनीने ते पदच कायद्याने रद्द केलं. मूळचं पद बदलून गेलं, तरी एक छटा टिकली आहे: वारशाने गादीवर आलेल्या राजाला इंग्रजीत सहसा डिक्टेटर म्हणत नाहीत, मग तो कितीही मनमानी करो.

टायरंट ग्रीकांचा. वारसा किंवा कायदा डावलून सत्ता बळकावणारा, एवढाच सुरुवातीचा अर्थ. अथेन्सचा पेइसिस्त्रातोस असा टायरंट होता, पण त्याचा कारभार सौम्य होता असं ग्रीकांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्या हातून शब्दाला काळिमा लागला तो कायमचा. आज टायरंट म्हटलं की जुलूमच डोळ्यांपुढे येतो, सत्ता कशी आली हे कुणी विचारत नाही. म्हणून तर बहुमताच्या ‘टिरनी’बद्दल बोलता येतं. तिथे मतदान झालेलं असतं, तरी जुलूम जुलूमच राहतो. मराठीत इथे ‘जुलूमशाही’ चपखल बसतं, ‘हुकूमशाही’ नाही.

फरक कानाने पारखायचा तर विशेषणं लावून पाहा. ‘एनलायटन्ड डेस्पॉट’ रूढ आहे. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक, रशियाची दुसरी कॅथरिन यांच्यासाठी इतिहासकार तो वापरतात. ‘बेनेव्होलंट’ म्हणजे कनवाळू ‘डिक्टेटर’ही चालतो. ‘बेनेव्होलंट टायरंट’ मात्र लगेच खटकतो.

डेस्पॉटबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तो आपल्या अंगावर येऊन गेलेला शब्द आहे. ग्रीकमध्ये तो घरधनी, गुलामांचा मालक. बायझंटाइन साम्राज्यात तर तो मानाचा किताब होता. पण 1748 मध्ये माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने राज्यव्यवस्थांची विभागणी करताना भीतीवर चालणाऱ्या सत्तेला हे नाव दिलं आणि ती आशियाची प्रकृतीच आहे असं ठरवून टाकलं. आशियात जमीन राजाची, प्रजा मालकीहक्काविना, हा समज युरोपात पसरला. त्याला 1778 मध्ये सडेतोड उत्तर दिलं आंकतील-द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाने. तो भारतात राहिलेला, सुरतेत पारशी दस्तुरांकडे शिकलेला, मराठी मुलखातून फिरलेला. इकडे कायदा आहे, करार आहेत, खाजगी मालमत्ता आहे, हे त्याने दाखवून दिलं. तरीही 1859 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी केली, तो लिहितो की रानटी लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी डेस्पॉटिझम न्याय्य आहे. आधी आशियाला डेस्पॉटिक ठरवायचं आणि मग तिच्यावर तेच राज्य लादायचं! हा शब्द वापरताना हा इतिहास आठवावा असं मला मनापासून वाटतं. मराठीत ‘धनीपणाची सत्ता’ हा त्यातला गाभा आहे.

ऑटोक्रॅट हा अंकुशाचा प्रश्न विचारतो: याच्या वर कुणी आहे का? रशियाचा झार हा किताब अभिमानाने मिरवत असे. 1905 च्या क्रांतीनंतर दुसऱ्या निकोलसला दूमा, म्हणजे निवडलेली सभा, मान्य करावी लागली. एप्रिल 1906 च्या मूलभूत कायद्यांतून झारच्या सत्तेचं ‘अमर्याद’ हे विशेषण गेलं, ‘ऑटोक्रॅटिक’ मात्र ठेवलं. मर्यादा आली तर ऑटोक्रॅसी उरली कुठे, हा वाद तेव्हापासूनचा. जुलैत पहिली दूमा बरखास्त करून झारने आपल्या परीने उत्तर दिलं. आज निवडून आलेला नेता न्यायालयं आणि संसद नामधारी करून टाकतो तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं हाच शब्द काढतात. त्याला मी ‘निरंकुश’ किंवा ‘एकतंत्री’ म्हणेन.

टोटॅलिटेरियन हा या सगळ्यांत तरुण. 1923 मध्ये इटलीचा विरोधी नेता जोव्हान्नी आमेंदोला याने तो फॅसिस्टांवर टीका म्हणून वापरला. दोन वर्षांनी मुसोलिनीने तोच शब्द छाती फुगवून स्वतःसाठी घेतला. त्याच 1925 मध्ये फॅसिस्टांनी आमेंदोलाला बेदम मारहाण केली आणि पुढच्या वर्षी तो त्या जखमांनी मेला. ही सत्ता गप्प बसलेल्या माणसालाही सोडत नाही. त्याने घोषणा द्यायची, मुलांना पक्षाच्या संघटनेत घालायचं. ‘सर्वंकष’ हा प्रतिशब्द म्हणून मला फार नेमका वाटतो. ऑथॉरिटेरियन सत्तेला तुम्ही गप्प बसलात तरी पुरतं. हा भेद जनरल फ्रँकोच्या राजवटीतल्या स्पेनवरून हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने 1964 मध्ये मांडला.

ऑलिगार्की म्हणजे मूठभरांची सत्ता, त्यात फारसा घोळ नाही. जुंटाचं मात्र ‘लष्करी टोळकं’ करणं अन्यायाचं आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ नुसती सभा, मंडळ. 1808 मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातव्या फर्डिनांडला कैदेत ठेवलं, तेव्हा गावोगावच्या जुंटांनी त्याच्याच नावाने कारभार हाती घेतला. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालवला, त्याच्याशी हे बरंच जुळतं. लष्कराचा रंग पुढे लॅटिन अमेरिकेत चढला. त्यामुळे म्यानमारच्या बातमीत ‘लष्करी जुंटा’ असंच राहू द्यावं, ‘लष्करी’ गाळू नये.