स्वादुपिंड घ्यायचं की सोडायचं, हे गुणांवर ठरवावं का?

पाचोळा: मेंदूमृत दात्याचं यकृत रोपणाला जातं, मूत्रपिंडं जातात, स्वादुपिंड बहुतेक वेळा तसंच राहतं. युरोट्रान्सप्लांट या युरोपातल्या अवयववाटप संस्थेचा 'पी-पास' गुणांक 2008 साली आला, दात्याचं स्वादुपिंड घेण्याजोगं आहे का ते ठरवायला. त्यात मोजतात वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), आयसीयूतले दिवस, हृदय बंद पडलं होतं का, रक्तातलं सोडियम, अमायलेज किंवा लायपेज ही पाचक द्रव्यं, रक्तदाब टिकवायची औषधं. बेरीज 17च्या खाली तर दाता चांगला. आपल्याकडेही हा सक्तीचा करा. मध्यरात्री फोनवर "नको वाटतंय" म्हणून अवयव सोडणं बंद होईल.

तिसरी_पाळी: सर्जरीवाला आहे, म्हणून बोलतो. हा गुणांक बेतला गेला तो कोणते दाते नाकारले जातात यावरून. रोपण टिकेल का, हे त्यावरून नीट कळत नाही. अमेरिकेतला 2010चा पीडीआरआय, म्हणजे स्वादुपिंडदात्याच्या जोखमीचा गुणांक, निदान वर्षभर रोपण किती टिकलं यावर उभा आहे. शिवाय अमायलेज तोंडाला मार लागला तरी लाळग्रंथींमुळे वाढतं. आणि बीएमआय? हातपाय काडीसारखे, पोट सुटलेलं, आत स्वादुपिंड चरबीने माखलेलं, असे दाते आपल्याकडे नवे नाहीत. पोट उघडून, हातात घेऊनच कळतं मऊ आहे की कडक, सुजलंय की नाही.

पाचोळा: मग तुमच्याच हिशेबाने फोनवर नकार देता येत नाही! न उघडता कसं कळलं? सक्ती गुणांची नको तर नको. 17च्या आत असेल तर टीमने जाऊन बघायचं, एवढी तरी करा.

तिसरी_पाळी: जायला गाडी, माणसं, ओटी लागतो. काढल्यावर बारा तासांच्या आत बसवलेलं बरं. दाता नागपुरात, रुग्ण मुंबईत, तर घड्याळ आधी बघतो.

सुमतीची_लेक: मी नकाराच्या बाजूने. यकृत नाही मिळालं तर माणूस जातो. इथे इन्सुलिन आहे. रोपणाच्या शिरेत गुठळी झाली तर पुन्हा पोट उघडून ते काढून टाकतात. असं जोखमीचं स्वादुपिंड कोणाच्या पोटात घालायचं?

काळा_चहा: ताई, "इन्सुलिन आहे" हे डायलिसिसवरच्या टाइप 1 मधुमेहवाल्याला सांगून बघा. माझ्या भावाची साखर 40वर येते तरी त्याला घाम फुटत नाही, थेट शुद्धच जाते. जोखीम किती घ्यायची ते त्याला विचारा. फोनवर नाकारलेल्या दात्याबद्दल त्याला कोणी कळवतही नाही.

सुमतीची_लेक: विचारा जरूर. पण गुठळीचं आधी सांगा, मग सही घ्या.