बेन ऑल्डरला कोणत्या वाटेनं जावं?

लातूरचं_पोरगं: मी सध्या ग्लासगोला शिकायलोय. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं स्कॉटलंडमधला बेन ऑल्डर डोंगर (१,१४८ मीटर) करायचं म्हणायलोत. डॅलव्हिनी स्टेशनला उतरून लॉख एरिक्ट तळ्याच्या काठानं जायचं एवढं कळालं, पण पुढं लाँग लेखसच्या धारेनं चढावं का ब्रेबाग खिंडीतून? घरच्यांचा जीव टांगणीला लागलाय.

कन्नडचा_भटक्या: भाऊ, अंतूर किल्ला चढलेल्या माणसाला चढाईचं भ्या नाही, तिथं लांबी माणसाला थकवती. स्टेशनपासून डोंगराच्या वाटेवरच्या कुल्रा निवाऱ्यापर्यंतच १५ किलोमीटर, त्यामुळं सायकल न्याच, परतताना पायांना लई आधार होतो. लेखसवर वरच्या टप्प्यात हात लावून चढावं लागतं, दगड ओला असला तर माझं ऐका, नका जाऊ. ब्रेबागची वाट सोपी, पण चिखल असा की आपल्या काळ्या रानात पहिल्या पावसात चप्पल रुतून बसती ना, तसा बूट आत जातो आन् काढताना पचक् आवाज येतो. माथा लांबरुंद सपाट हाय आन् पूर्वेला सरळ कडा, धुक्यात दिसतच नाही. कंपास, कागदी नकाशा पाहिजेच.

बीडची_लेक: दादा, कुल्राच्या निवाऱ्यावर भरवसा ठेवू नका, आरोग्याला घातक अ‍ॅस्बेस्टॉसमुळं तो बंद केलाय, तंबू न्या. सप्टेंबरात तिकडं हरणांची शिकार चालती, आधी इस्टेटवाल्यांना, म्हंजे तिथल्या जमिनीच्या मालकांना विचारा.

लातूरचं_पोरगं: ताई, हे माहीतच नव्हतं. मग ब्रेबागच, तंबू घेऊन दोन दिवसांत. आईला आजच फोन करतो.