चार वर्षांचा हिशेब: २०१२ ची निवडणूक तुमच्या घरात कशी गाजली?

ओहायोवासी
काल गॅरेज आवरताना २०१२ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची यार्ड साइन (अंगणात रोवायची प्रचाराची पाटी) सापडली आणि ओहायोतल्या टोलेडोजवळच्या आमच्या गल्लीतला तो ऑक्टोबर आठवला. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे माझे ते पहिलेच मतदान होते. शेजारचे गृहस्थ जीपच्या कारखान्यात कामाला होते. २००९ मध्ये ओबामांनी जीप बनवणारी क्रायस्लर आणि जनरल मोटर्सला सावरले, एवढ्या एकाच मुद्द्यावर त्यांचे मत ठरलेले होते. त्यांचा मेहुणा मात्र दर रविवारी आठवण करून देई की, पहिले १७.४ अब्ज डॉलर डिसेंबर २००८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनीच जाहीर केले होते, त्यामुळे श्रेय वाटून घ्यावे लागेल. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच तो वाद कधी मिटला नाही. पुढे जीपचे उत्पादन चीनला हलवण्याचा विचार चालल्याचे आपण वाचले, असे डेमोक्रॅट ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी ओहायोतल्याच डिफायन्स गावच्या सभेत म्हणाले. कंपनीने इन्कार केला, तरी शेजाऱ्यांकडचा फोन दोन दिवस खणखणत होता. आपापल्या घरचे अनुभव अवश्य लिहावेत.

डबलशिफ्ट
मी रॉम्नींना मत दिले होते आणि आजही ते लपवत नाही. माझ्या यजमानांची नोकरी २००९ मध्ये गेली आणि पुढची दोन वर्षे त्यांनी मिळेल ते कंत्राटी काम केले. बेकारीचा दर सलग ४३ महिने आठ टक्क्यांच्या वर राहिला, हा आकडा मला पाठ होता, कारण तो आमच्याच घरात राहत होता. सप्टेंबरचा दर ७.८ टक्के आल्यावर धाकट्या दिरांनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला, मत बदलले नाही.

कढीपत्ता
ताई, पेढ्याचे वाचून हसू आले, पण त्या दोन वर्षांबद्दल वाईटही वाटले. आमच्याकडे वाद ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरून होता. मुलाला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. २०१० पर्यंत विमा बदलायचा म्हटले की माझ्या पोटात गोळा येई. आधीच्या आजारामुळे मुलांना विमा नाकारता येणार नाही, हे त्या वर्षी लागू झाले आणि मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले. भावोजींचा स्वतःचा लहान व्यवसाय आहे. विमा न घेणाऱ्याला दंड करणारे सरकार उद्या आणखी कशाचीही सक्ती करील, असे ते म्हणत. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा राखला, त्या संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला होते. आमटी वाढताना कोणीही त्याचा उल्लेख केला नाही.

पाहुणा२००७
मी एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) होतो, त्यामुळे मत नव्हते. मते मात्र भरपूर होती. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहून ओबामांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना माणूस फारसा उदार राहत नाही. जूनमध्ये लहानपणी आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या मुलांना संरक्षण जाहीर झाले, ते मला पटले, पण त्याच सरकारच्या काळात वर्षाला चार लाखांच्या आसपास लोकांची हकालपट्टी होत होती, हे मित्रांना सांगितले की ते विषय बदलत.

उंबरठा
आम्ही न्यू जर्सीत होतो. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आले आणि आमचा वाद अंधारात गेला. घरात नऊ दिवस वीज नव्हती आणि पेट्रोल गाडीच्या नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांप्रमाणे मिळत होते. आमचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी रिपब्लिकन होते. त्यांनी ओबामांसोबत किनाऱ्याची पाहणी केली आणि त्यांचे मनापासून कौतुक केले, तेव्हा पेट्रोलच्या रांगेतल्या एका आजोबांनी ‘दगाबाज’ म्हणून तोंड फिरवले. माझ्या सासऱ्यांनी मात्र चार वर्षांचा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्या एका दिवसावर मत दिले. मला ते आजही पटत नाही. मंगळवारी पाळणाघराच्या इमारतीत जनरेटरवर मतदान झाले, स्वेटरवर कोट घालून.

डबलशिफ्ट
सासऱ्यांचे मला पटते. संकटात माणूस कसा वागतो, हेही कारकिर्दीतच मोडते. ओहायोवासी, ती साइन टाकून दिलीत का? आणि कोणाची होती, ते तुम्ही सांगितलेच नाही.

ओहायोवासी
साइन शेजाऱ्यांनी दिलेली होती, यावरून समजून घ्यावे. ओबामांनी ओहायो तीनेक टक्क्यांच्या फरकाने जिंकले, त्या रात्री मेहुणाच त्यांच्याकडे बिअर घेऊन आला आणि दारातच पुन्हा बुश यांचे नाव काढले. पुठ्ठा कुजला आहे. तारेची चौकट सध्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावली आहे.