“एक खोली वाढवली तर शेजाऱ्याच्या पोटात का दुखतं?”

ओटेकरीण
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं, “मुलाचं लग्न ठरलं म्हणून बंगल्याच्या बाजूला एक खोली काढतोय, तर शेजाऱ्याने महापालिकेत अर्ज ठोकला. शेजारधर्म उरला नाही.” खाली हळहळणाऱ्यांची रांग. मी अर्ज ठोकणाऱ्या जमातीतली. आमच्या शेजाऱ्यांनीही साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेत, अशीच ‘एक खोली’ काढली. आता भर दुपारी ट्यूब लावून पोळ्या लाटते. त्यांच्या पत्र्याची पन्हळ थेट आमच्या धुण्याच्या दगडावर पडते, लाल पाणी, गंजासकट. लग्नाची पत्रिका द्यायला आलात, तेव्हा खोलीचा नकाशाही दाखवायचात की!

सहकारनगरी
ताई, पोळ्या करपल्या नाहीत ना, मग झालं. आजोबांना पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्यानंतर दोन खोल्या मिळाल्या. तेव्हा माणसं चार, आज अकरा. परवानगी मागायला गेलं की “आधी जागेचे कागद आणा”. पोरांना काय मार्जिनमध्ये झोपवू? तेही तुम्हाला चालायचं नाही.

निवृत्त ओव्हरसियर
परवानगी मिळतच नाही हे रडगाणं पुरे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा, 1966, कलम 45 : अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. पण बांधकाम नियमात बसणारं हवं. लोक पहिलं अर्धं वाक्य वाचतात आणि गवंड्याला ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. स्लॅब टाकून झाल्यावर कलम 53 ची, बेकायदा बांधकाम काढायची नोटीस आली की आमच्याकडे, “साहेब, काहीतरी करा.”

नारायणपेठी
अकरा माणसं वगैरे ठीक आहे, पण पूरग्रस्त म्हणून जागा घेतलेल्या निम्म्या लोकांच्या दारात पाणी आलंच नव्हतं.

सहकारनगरी
तोंड सांभाळून! आमचं घर ओंकारेश्वराच्या मागे होतं. आजी नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. तुमच्या वाड्याचा वरचा मजला शाबूत होता म्हणून आज शहाणपणा सुचतोय.

नारायणपेठी
वरच्या मजल्यावर अख्खी आळी बसली होती आमच्या! खडकवासला फुटलं तेव्हा…

निवृत्त ओव्हरसियर
आधी पानशेत, मग खडकवासला. 12 जुलै 1961. उगीच उलटं लिहू नका.

नारायणपेठी
मी उलटं लिहिलं कुठे? वाक्य पुरं तरी करू द्या.

ओटेकरीण
मी उजेडाचं विचारतेय आणि तुम्ही सगळे पुरात वाहून चाललात.

कोर्टकचेरी
उजेडाचं मी सांगतो. सुखाधिकार कायदा 1882, कलम 15. खिडकीतून 20 वर्षं अखंड, हक्काने उजेड घेतला असेल आणि मध्ये कुणी अडवला नसेल तर तो हक्क होतो. मात्र “थोडं अंधारलं” एवढ्यावर दावा टिकत नाही, चांगलंच नुकसान दाखवावं लागतं. तुमची खिडकी कधीची?

ओटेकरीण
1994. सासूबाईंनी भिंतीत पाडून घेतली.

कोर्टकचेरी
पाडून घेतली? म्हणजे मूळ मंजूर नकाशात नाही?

ओटेकरीण
प्रश्न त्यांच्या खोलीचा आहे, माझ्या खिडकीचा नाही.

सहकारनगरी
वा! आमची खोली अतिक्रमण आणि तुमची खिडकी परंपरा. कोर्टकचेरी, फी घेऊ नका, आमच्यातर्फे नारळ देतो.

निवृत्त ओव्हरसियर
हसू नका. खिडकीने कुणाच्या दगडावर गंज पडत नाही. मार्जिन सोडायला लावतात ते हवा-उजेडासाठी, आणि वेळ आली तर अग्निशमनवाल्यांना आत शिरता यावं म्हणून. तुमच्या अकरा जणांसाठीसुद्धा. वाढवायचंच तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधायची मुभा, शिल्लक आहे का बघा आणि वरच्या मजल्याचा प्रस्ताव टाका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया तपासून घ्या.

सहकारनगरी
पाया तपासायचे पैसे असते तर नांदेड सिटीत फ्लॅट घेतला असता. बरं, मार्जिनचं तेवढं पटलं, असं समजा. आगीपुरतं.

ओटेकरीण
उपकार झाले. आणि पन्हळ?

निवृत्त ओव्हरसियर
पन्हळीच्या तोंडाला पीव्हीसीचा एल्बो बसवून पाइप त्यांच्याच आवारात उतरवायचा. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम.

ओटेकरीण
पैसे कोण देणार?

कोर्टकचेरी
आता खरा दावा सुरू झाला.