दवाखाना किती लांब? कोल्हापूर जिल्ह्यातले अनुभव

नकाशावर किलोमीटर दिसतात. दुखणं अंगावर काढायचं की गाडी धरायची, हे मात्र शेवटची एसटी, बुडणारा रोजगार आणि ओढ्याचं पाणी यांवर ठरतं. आपापल्या भागातलं नेमकं लिहा.

आशाताई, शाहूवाडी
रस्ता नसलेल्या धनगरवाड्यावर 108 पोचत नाही, डांबरीपर्यंतच येते. म्हणून फोनवर नुसतं वाड्याचं नाव सांगून भागत नाही. फाट्यावरचं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी अशी खूण सांगायची आणि बॅटरी घेऊन एक माणूस तिथं आधी पाठवायचा. रेंज टेकावरच येते, तेव्हा फोन करणारा वेगळा, झोळी उचलणारे वेगळे. झोळीला चार नव्हे, आठ गडी लागतात. खांदेपालट झाली नाही की उतरणीला पाय घसरतो. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर तारखेआधी आठ-दहा दिवस बाईला रस्त्यालगतच्या पाहुण्यांकडं आणावं. 102 ची गाडी मोफत, सरकारी दवाखान्यातून घरी सोडायलाही. माता-बाल कार्ड, रक्तगटाचा कागद, सोनोग्राफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. 'अजून कळा कुठं आल्यात' म्हणण्यातच वेळ जातो, आणि दुसऱ्या खेपेची बाई लवकर मोकळी होते.

परिचारिका, राधानगरी
साप चावला की लोक सरळ 'थोरल्या दवाखान्या'ची, म्हणजे कोल्हापुरातल्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र मागं पडतं आणि विष तासभर अंगात फिरत राहतं. आधी केंद्राला फोन करून सापाच्या विषावरची लस आहे का विचारा. तिथं कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणशीचा संशय. लक्षणं दिसली की सुरुवातीला लशीच्या साधारण 10 कुप्या सलाइनमधून, मग गरजेनुसार पुढं पाठवणी. मण्यार चावली तर ना सूज, ना फारसं दुखणं, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलवू नका.

औषध दुकानदार, गगनबावडा
रक्तदाबाच्या गोळ्या 30 दिवसांच्या. एकतिसाव्या दिवशी भातलावण असली की खाडा पडतो, आणि एकदा पडला की तो महिनाभर चालतो. जुलैआधी दोन महिन्यांच्या लिहून घ्या. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. पण त्या आकड्याची वाट बघत बसू नका, वाटेवर मांडुकली-लोंघ्याजवळ पाणी आलं की कोल्हापूर तुटलंच. इन्सुलिनची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत हवी. वीज गेली तर कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूतल्या माठात ठेवा. बर्फात गोठलेली बाटली फेकून द्या, ती वितळली तरी उपयोगाची नाही.

डायलिसिस तंत्रज्ञ
आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास. लांबच्या माणसाला पहिली पाळी गाठता येत नाही आणि शेवटच्या पाळीनंतर गाडी नसते. मधली पाळी मागा, कारणही सांगा. डायलिसिसचं प्रमाणपत्र असलं की एसटीचं तिकीट माफ होतं. सोबत्याचा रोजगार बुडतो तो बुडतोच. मग तीनाच्या दोन खेपा होतात, अंगात पाणी साठतं आणि रात्री धाप लागून धावाधाव.

चंदगडहून
आम्हाला कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. साहजिकच पेशंट बेळगावला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत, ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. राज्य बदललं की योजना आपोआप सोबत येत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा.

ओपीडीतून
तपासणी, सोनोग्राफी, रिपोर्ट अशा तीन खेपांत लांबचा माणूस दुसऱ्या खेपेलाच गळतो. डॉक्टरांना सुरुवातीलाच गाव किती लांब ते सांगा. उपाशीपोटीच्या साखरेसाठी न खाता या, डबा पिशवीत. मधुमेहाचं औषध चालू असेल तर मात्र आधी विचारून; नाहीतर एसटीतच साखर उतरते.