स्वादुपिंडाच्या पेशीवरचा ताण: शब्द कोणता आणि क्रियापद कोणते?

विचारणा
दारूमुळे होणाऱ्या स्वादुपिंडाच्या (पॅनक्रियाजच्या) आजाराबद्दल रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ मजकुरात 'सेल्युलर स्ट्रेस' हे औषधांचे टार्गेट असल्याचे म्हटले आहे. मी 'कोशिकीय तणाव हे उपचाराचे लक्ष्य' असे लिहिले. कच्चा मजकूर वाचून एका रुग्णाच्या पत्नीने विचारले, "म्हणजे ह्यांनी टेन्शन घेतलं म्हणून झालं का?" काय लिहावे?

उत्तर
ताई, 'कोशिकीय' काढाच, आपल्याकडे शाळेपासून 'पेशी' आहे. 'तणाव'ही नको. तणाव दोन देशांत असतो, दोन गटांत असतो, बातमीत 'तणावपूर्ण शांतता' असते. भार पडतो तेव्हा आपण 'ताण' म्हणतो: डोळ्यांवर ताण, तिजोरीवर ताण, पाणीपुरवठ्यावर ताण. तसा 'पेशीवरचा ताण'. मात्र नुसते 'ताण' कुठेही सोडू नका, दर वेळी कोणावरचा ते लिहा. त्या बाईंचा गैरसमज तिथेच झाला.

आता अर्थ. पाचकरस बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशी प्रथिने इतक्या झपाट्याने तयार करतात की शरीरात त्यांच्या तोडीच्या पेशी क्वचितच सापडतील. प्रथिन पेशीत बनून बाहेर कसे पडते हे शोधायला पेशींचे अभ्यासक जॉर्ज पॅलाडे यांनी याच पेशी निवडल्या होत्या. १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. हे काम आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पातळ पडद्यांच्या जाळ्यात चालते. तिथे प्रत्येक प्रथिनाची घडी नीट बसावी लागते, म्हणजे त्याला ठरलेला आकार यावा लागतो. दारू आणि ती शरीरात मोडताना तयार होणारी द्रव्ये या कामात अडथळा आणतात आणि घडी न बसलेली प्रथिने साचत जातात. हा तो ताण.

खरी अडचण क्रियापदाची आहे. ताण आला की पेशी गप्प बसत नाही. ती नवे उत्पादन आवरते, घडी बसवणारी मदतनीस प्रथिने वाढवते, बिघडलेला माल मोडीत काढते. एक्सबीपी१ नावाचे प्रथिन यात मोठी भूमिका बजावते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दारू दिलेल्या साध्या उंदरांत एक्सबीपी१ वाढले आणि स्वादुपिंड बऱ्यापैकी टिकले. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी होते, त्यांच्या स्वादुपिंडाला इजा झाली. खूप दारू पिणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच हा आजार का होतो, याचा एक धागा इथे सापडतो. म्हणून 'ताण नष्ट करणे' लिहू नका. पेशी ताण झेलत असते. झेलणे जमेनासे झाले की ती मरते आणि सूज येते. औषधाने तिला झेलायला मदत करायची आहे.

आणखी एक उत्तर (पोटाच्या विकारांच्या वॉर्डात काम करतो)
वरचे पटले. दोन गोष्टी जोडतो. 'स्वादुपिंडदाह' हा पारिभाषिक शब्द बरोबर आहे, पण दाह म्हटले की लोकांना छातीतली जळजळ आठवते. आमच्याकडे नातेवाईक 'पॅनक्रियाजला सूज आलीय' असेच म्हणतात. तेच लिहा, दाह एकदा सांगून ठेवा. आणि 'मद्यपींचा आजार' कृपया नको. 'दारूमुळे होणारा' म्हटले की कारण कळते, माणसावर शिक्का बसत नाही. शिक्क्याच्या भीतीने लोक किती पितात ते सांगत नाहीत आणि उपचार तिथेच अडतो.

'लक्ष्य' शब्दही फसवा आहे. 'उपचाराचे लक्ष्य ताण' म्हणजे ताण गाठायचा आहे, असे वाटते. 'औषधाचा रोख ताणावर' म्हणा.

विचारणाऱ्या
मग असे चालेल का: 'पेशीवरचा ताण कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत'?

आणखी एक उत्तर
नाही, ताई, इथे काळ चुकतो. घडी बसायला मदत करणारी फिनाइलब्युटिरेट आणि टीयूडीसीए ही द्रव्ये प्राण्यांवर तपासली गेली आहेत. स्वादुपिंडाच्या सुजेसाठी रोजच्या वापरात आलेले असे औषध अजून नाही. 'शोधली जात आहेत' लिहा, आणि त्याच परिच्छेदात दारू व तंबाखू दोन्ही बंद करणे हाच आज हाती असलेला मुख्य उपाय आहे, हे ठळक टाका. तंबाखू लोक विसरतात, पण धूम्रपानानेही हा आजार वाढतो.

पहिले उत्तर देणारे
मग वाक्य असे होईल: 'दारूमुळे स्वादुपिंडाच्या पेशींवर येणारा ताण त्यांना झेलता यावा, यासाठी औषधे शोधली जात आहेत.' त्या बाईंना पुन्हा वाचायला द्या.