लग्नाआधी सिकलसेलचा रिपोर्ट सक्तीचा करावा का?

बर्डीवाला (धागाकर्ता):
लग्नसराई आहे, बायोडेटे फिरून राहिले. रास, नाडी, उंची, पॅकेज सगळं लिहिलेलं. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, त्याची तपासणी झाली का, हे एकातही नाही. आणि आपण राहतो कुठे? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हा सगळा पट्टाच त्याचा. दोघंही वाहक (एएस), म्हणजे स्वतः आजारी नाही पण सदोष जनुकाची एक प्रत असलेले, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार घेऊन येण्याची शक्यता २५ टक्के. एकनाडीला घाबरतो, याला नाही. लग्नाच्या नोंदणीला दोघांचा दाखला सक्तीचा करा. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या अशाच आनुवंशिक रक्ताच्या आजारासाठी चर्चच दाखला मागतं. तिथे अशी मुलं जन्मणं जवळपास थांबलं.

धंतोलीकर:
सायप्रसची अर्धीच गोष्ट सांगितली. दाखल्यावर फक्त 'तपासणी झाली' एवढंच. लग्नाला मनाई नाही. दोघं वाहक निघालेल्या बहुतेक जोड्यांनी लग्न केलंच. आकडा खाली आला तो मुख्यतः गर्भाच्या तपासणीमुळे आणि त्यानंतर आईबापांनी घेतलेल्या निर्णयामुळे. मग ती सोय तालुक्यापर्यंत मागा ना, दाखला कशाला? अमेरिकेत १९७०च्या सुमारास काही राज्यांनी सिकलसेल तपासणीची सक्ती केली. वाहक म्हणजे रोगी असा समज पसरला, नोकरी आणि विम्यात कृष्णवर्णीयांना फटका बसला. १९७२च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक ठेवली.

जरीपटक्याची ताई:
वाहक ठणठणीत असते, मान्य. पण आमच्याकडे मुलगा एएस निघाला तर "लॅबवाले काहीही लिहितात", आन् मुलगी निघाली तर "खानदानातच खोट". सक्ती कराल तर भोगंल कोण, ते आधी सांगा.

रामटेकचा:
हे आपल्याच लोकांच्या वाट्याला काऊन आलं पण? आजी म्हणते शाप आहे.

धंतोलीकर:
शाप नाही, मलेरिया. वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे एएस माणसं जास्त तगली आणि जनुक टिकलं. आफ्रिकेत तेच, इथे तेच. एका समाजाला चिकटवायची गोष्ट नाही ही.

विळा_आणि_मी:
मी एसएस आहे. इतका वेळ वाचून राहिलो, आता बोलतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. ऑक्सिजन सुटला की ते रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात, पेशी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. तुमची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, माझी १० ते २०. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला आणि पाणी कमी प्यायलो की हाडं बोलायला लागतात. डिसेंबरच्या थंडीतही तेच. लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते, म्हणून साधा न्यूमोनियाही जिवावर येतो. लस आणि पेनिसिलिन यांनी किती मुलं वाचली, ते कुठल्याच बायोडेट्यात येत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने शरीरात बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं, क्रायसिस (दुखण्याचे तीव्र झटके) कमी होतात. मी नोकरी करतो. या धाग्यात मात्र मी 'टाळायची गोष्ट' आहे. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळंल, याची सक्ती करा.

बर्डीवाला:
भाऊ, तुमच्याविरुद्ध नाही हे. पण गोळी आयुष्यभराची. कायमचा इलाज म्हणजे बोन मॅरो बदलणं, त्याला जुळणारा दाता लागतो. नाहीतर जनुक-संपादनाचा उपचार: २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मंजुरी दिली, मग अमेरिकेने, तिथली तेव्हाची किंमत २२ लाख डॉलर. धानोऱ्याच्या पोराला कोण देणार? तपासणी स्वस्त आहे.

लॅबमधला:
स्वस्त ती सोल्युबिलिटी टेस्ट. ती फक्त 'सिकल आहे' सांगते; एएस की एसएस ते नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या. शिवाय एक जण सिकल वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकतं. थॅलेसेमियावाल्याची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येते. त्या दाखल्यावर 'नॉर्मल' छापून मोकळे व्हाल.

जरीपटक्याची ताई:
मंग तपासणी दहावी-अकरावीतच करा ना. १ जुलै २०२३ला जे राष्ट्रीय मिशन सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. पोरीला स्वतःचं रक्त आधीच माहीत असलं तर कोणाला कधी सांगायचं ते तिच्या हातात. हॉल बुक झाल्यावर रिपोर्ट आला तर काय लग्न मोडता?

बर्डीवाला:
शाळेत करा, हरकत नाही. पण नोंदणीच्या वेळी तो कागद एकमेकांना दाखवायची सक्ती हवीच. फक्त दोघांना, बंद पाकिटात. घरच्यांना नाही.

जरीपटक्याची ताई:
बंद पाकीट! दादा, तुमच्या घरी लग्नाच्या बैठकीला किती जण बसले होते?